उघड्या मानेची मालकी

जनकाबाई उसेंडींनी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढल्या आणि हातातली टोपली थेट सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवली. वरचं फडकं बाजूला केलं. आत एक तांबूस कोंबडी बसली होती. डोक्यावर पिसांची टोपी, छातीपासून खाली दाट पिसं, पण मधली मान साफ बोडकी, उन्हानं लालभडक झालेली.

"येवढीच राहिली, मॅडम. भुशाच्या कणगीत लपवली म्हणून. बाकीच्या सगळ्या गाडीत घालून नेल्या."

"कोणी नेल्या?"

"शीतपंखवाल्यांनी. म्हणे ह्या कोंबड्या कंपनीच्या, तुम्ही चोरल्या. माह्या आयच्या येळेपासून आमच्या घरी बोडक्या कोंबड्या हायेत. मी कोणाच्या चोरल्या, सांगा!"

चंद्रपूरच्या या उष्णसह कुक्कुट संशोधन केंद्रात डॉ. नलिनी वानखडे जनुकशास्त्रज्ञ म्हणून काम करत होत्या. कुसनार हे जनकाबाईंचं गाव त्यांना चांगलं ठाऊक होतं. गडचिरोलीच्या अभयारण्याला लागून असलेल्या त्या गावातल्या बोडक्या कोंबड्यांचा अभ्यास त्यांनीच सुरू केला होता. पूर्वी लोक या पक्ष्यांना हसायचे. पण आता मे महिन्यात पारा पन्नाशीला टेकू लागला होता आणि पिसाळ मानेच्या, म्हणजे पिसांनी झाकलेल्या मानेच्या कोंबड्या पंख पसरून, धापा टाकत दुपारीच मरायच्या. बोडकीच्या अंगावर पिसं कमी, उघड्या मानेतून अंगातली उष्णता निघून जायची, म्हणून ती तग धरायची. ज्या मानेला लोक हसत, तीच आता सोन्याची झाली होती.

ते ओळखून शीतपंख कंपनीनं स्वतःचं बोडक्या मानेचं वाण बाजारात आणलं. कंपनीची पिल्लं घ्यायची, अंडी खायची, पक्षी विकायचे, पण अंडी उबवायची नाहीत, असा करार असे. प्रत्येक पक्ष्याच्या जनुकांत कंपनीनं एक ओळखमुद्रा घातलेली होती. निसर्गात कुठेही न सापडणारी, अक्षरांची एक कृत्रिम माळ. नव्या जैवस्वामित्व कायद्याचा अर्थ लोकांनी चार शब्दांत काढला होता : ज्याची मुद्रा, त्याचा जीव.

नलिनीताईंनी कोंबडीच्या रक्ताचा थेंब तपासणी-यंत्रात घातला. मुद्रा नव्हती. होता तो शेकडो वर्षांपूर्वी निसर्गात आपोआप घडलेला बदल. मानेची पिसं ठरवणाऱ्या जागी जनुकसूत्राचा एक उपरा तुकडा येऊन बसला होता.

"ही तुमचीच," त्या म्हणाल्या. "कंपनीचा हिच्याशी काडीचा संबंध नाही."

त्यांनी तिथूनच कंपनीला फोन लावला. कुसनारच्या बाकीच्या कोंबड्यांची तपासणी झाली का, असं विचारलं. पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. पक्षी जैविक खबरदारी म्हणून नष्ट करण्यात आले आहेत, तपासणी प्रगतिपथावर आहे, असं त्यानं सांगितलं.

"आधी मारल्या आणि आता तपासताय?"

"प्रक्रियाच तशी आहे, मॅडम."

नलिनीताईंनी फोन ठेवला. हे वाक्य जनकाबाईंना कसं सांगायचं ते त्यांना कळेना. सांगावं लागलं नाही. जनकाबाईंनी फडकं पुन्हा टोपलीवर घातलं आणि त्यावर हात ठेवला.

"कंपनीचा एक कोंबडा पल्याडच्या टोल्यावरून आमच्या अंगणात येते," त्या म्हणाल्या. "येते, हे खरं हाय. मी नाई म्हणत नाई. पण कोंबडा का करार वाचून येते, मॅडम?"

*

तो कोंबडा नलिनीताईंच्या डोक्यात घर करून बसला. त्यांनी पल्याडच्या टोल्यावरून, म्हणजे शेजारच्या वस्तीवरून, त्याच्यापासून झालेला एक कोंबडा मिळवला. बाप कंपनीचा, आई साधी पिसाळ मानेची. त्याच्या बोडक्या मानेवर पुढच्या बाजूला, गळ्याशी, पिसांचा छोटा झुबका होता. ही खूण त्यांना पाठ होती. बोडकेपणाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असल्या तर मान स्वच्छ उघडी असते. आईबापांपैकी एकाकडूनच प्रत आली असेल तर झुबका राहतो.

केंद्रातल्या साध्या पिसाळ कोंबड्यांबरोबर त्यांनी या कोंबड्याचा संकर केला. हिशेब शाळकरी पोरालाही करता आला असता. कोंबड्याकडे प्रत एकच, ती पिल्लांपैकी निम्म्यांना मिळणार. निम्मी बोडकी, निम्मी पिसाळ.

उबवणी-कपाटाचं दार उघडलं तेव्हा सगळीच्या सगळी पिल्लं बोडक्या मानेची होती. प्रत्येकाच्या गळ्याशी झुबका, आणि प्रत्येकाच्या रक्तात कंपनीची मुद्रा. त्यांनी प्रयोग पुन्हा केला. पुन्हा तेच. मग त्या तडक नागपूरला गेल्या.

शीतपंखचे मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सुश्रुत मोहरील त्यांचे वर्गमित्र होते. त्यांची खोली इतकी थंड होती, की बाहेर लोक उष्माघातानं मरताहेत हे तिथे बसून खोटं वाटावं.

"तुम्ही त्यात ओढजनुक घातलंय," नलिनीताई बसायच्या आधीच म्हणाल्या.

मोहरीलांनी नाकारलं नाही. "घातलंय. त्याशिवाय वाण टिकलंच नसतं, नलिनी. गावातल्या कोंबड्या मोकाट. साध्या पक्ष्यांत मिसळल्या की दर पिढीला गुण निम्म्यानं विरत जाणार. ओढजनुक तसं होऊ देत नाही. बीजपेशी तयार होताना ते जोडीच्या सूत्रावरची साधी, पिसाळ प्रत शोधतं, तिथे कात्री चालवतं, आणि पेशी ती जखम भरून काढताना शेजारच्या आमच्याच प्रतीची नक्कल करते. म्हणून एका प्रतीच्या दोन होतात. सगळ्या पिल्लांना गुण मिळतो. उन्हात मरणारी कोंबडी वाचते. यात वाईट काय?"

"त्या प्रतीबरोबर मुद्राही जाते."

"ती तिच्यातच आहे."

"म्हणजे तुमचा एक कोंबडा एखाद्या टोल्यात शिरला, की काही पिढ्यांत तिथल्या साऱ्या पिसाळ कोंबड्यांची पिल्लं बोडकी होणार आणि कायद्यानं तुमची होणार. तुम्ही वाण नाही विकत, सुश्रुत. तुम्ही दुसऱ्याच्या खुराड्यात हात घालताय. परवानगी मागताना हे सांगितलं होतंत?"

"परवानगी गुणाची होती. तो पिल्लांत कसा उतरतो, हे अर्जात कुणी विचारलंच नव्हतं."

"आणि जनकाबाईंच्या कोंबड्या? त्या जन्मतःच बोडक्या. तुमच्या कात्रीला तर त्यांच्यात साधी जागा सापडतही नाही, तिथे आधीच उपरा तुकडा बसलाय. त्या तुमच्या कधी होऊच शकल्या नसत्या. तरी मारल्यात."

मोहरील पाण्याचा पेला फिरवत राहिले. "निरीक्षक मान बघतात गं," ते म्हणाले. "त्यांच्या हातात यंत्र कुठलं असायला."

"मान बघतात! आणि ज्या बाईच्या घरात आईच्या काळापासून ती मान आहे, ती चोर!"

त्या उठल्या. पेला टेबलावर आपटायची त्यांना फार इच्छा झाली, पण तो मोहरीलांच्या हातात होता.

*

जनकाबाईंवरचा चोरीचा दावा नागपूरच्या जैवसंपदा लवादापुढे उभा राहिला. त्यांच्या अंगणातून नेलेल्या पक्ष्यांत, पल्याडच्या कोंबड्यापासून झालेली, मुद्रा असलेली काही पिल्लं खरोखरच सापडली होती, आणि कंपनीला तेवढं पुरेसं होतं. वकीलपत्र अ‍ॅड. शबाना काझींनी घेतलं. त्यांनी कायदा दोनदा वाचला आणि स्पष्ट सांगितलं की कोंबडा आपणहून आला हा बचाव चालणार नाही. मुद्रा आहे, म्हणजे मालकी आहे.

खटला हरल्यातच जमा होता. आणि ऐन थंडीच्या कडाक्यात वनरक्षक बिपीन तलांडे गोणपाटात गुंडाळलेला एक पक्षी घेऊन केंद्रात आला.

"गस्तीत सापडला. असे बरेच मरून पडलेत. आधी वाटलं, गावठी कोंबडा जंगलात शिरला."

तो गावठी नव्हता. रानकोंबडा होता. निमुळतं अंग, राखी पाय, शेपटीची हिरवी-काळी कमान. जगातल्या साऱ्या पाळीव कोंबड्यांचा हा मूळपुरुष, आणि अजूनही त्यांच्याशी जुळणारा. पण ज्या सोनेरी-केशरी आयाळीवरून त्याला लांबून ओळखावं, ती आयाळ नव्हती. तिच्या जागी थंडीनं निळी पडलेली उघडी कातडी होती, काट्यांनी ओरबाडलेली.

नलिनीताईंनी रक्त तपासलं. मुद्रा सापडली. त्या स्टुलावर बसल्या. मे महिन्यात जी मान जीव वाचवते, तीच जंगलातल्या पौषाच्या पहाटेला जीव घेते. पाळीव कोंबडीला रात्री खुराडं असतं, रानकोंबड्याला फांदी. ओढजनुकाला हे कसं कळावं? त्याला फक्त साधी प्रत शोधता येते.

"साल्यांनी जंगल पण नाही सोडलं," तलांडे म्हणाला. नलिनीताईंनी त्याला टोकलं नाही.

*

सुनावणीच्या दिवशी काझी वकिलांनी कंपनीच्या वकिलांना एकच प्रश्न विचारला. "आपली मालकी मुद्रेवरून ठरते, की पक्षी कुठे जन्मला यावरून?"

"मुद्रेवरून," उत्तर आलं. "पक्षी कुठेही जन्मो, कुणाच्याही संकरातून जन्मो. मुद्रा आमची, जीव आमचा."

"कुठेही?"

"कुठेही."

काझींनी गोणपाट उलगडलं. "हा अभयारण्यात जन्मला. यात आपली मुद्रा आहे. असे शेकडो आहेत. वन्य पक्षी बाळगणं हा गुन्हा आहे, आणि संरक्षित जंगलात आपले पक्षी सोडणं हाही. हे आपले आहेत, असं लवादानं नोंदवून घ्यावं का?"

कंपनीनं मुदत मागितली. पुढच्या तारखेला त्यांनी प्रतिज्ञेवर सांगितलं, की कंपनीच्या उबवणी केंद्राबाहेर जन्मलेल्या कोणत्याही पक्ष्यावर, आणि त्याच्यात असलेल्या मुद्रेवर व जनुकरचनेवर, कंपनीचा आता कसलाही हक्क नाही.

जनकाबाई निर्दोष सुटल्या. पण लवादाच्या अध्यक्षांनी निकाल वाचताना चष्मा काढला आणि पुढचं सांगितलं. कायद्यात जबाबदारी मालकीला बांधलेली होती. या पक्ष्यांना आता मालकच नव्हता, म्हणून जंगलाच्या हानीला जबाबदारही कुणी नव्हतं.

नलिनीताई प्रेक्षकांच्या बाकावरून उभ्या राहिल्या. "आग लावायची आणि काडी माझी नव्हती म्हणायचं? घर जळेपर्यंत काडी ह्यांचीच होती!"

"खाली बसा, डॉक्टर," अध्यक्षा म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "तुमचं म्हणणं मला पटतं. कायद्याला पटत नाही."

त्याच आठवड्यात कंपनीची गाडी कुसनारला गेली. मारलेल्या कोंबड्यांच्या बदल्यात तेवढेच नवे पक्षी घेऊन. सगळे कंपनीच्या वाणाचे. जनकाबाईंनी पिंजरे उतरूच दिले नाहीत.

"माह्या कोंबड्या आण," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "नाई आणू शकत ना? मग ह्या वापस ने."

*

कायद्यातला आणखी एक नियम नलिनीताईंना ठाऊक होता. दुसऱ्याच्या मालकीच्या जनुकरचनेत त्याच्या परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही. शीतपंखच्या ओढजनुकावर उपाय त्यांना कधीचा सुचला होता. पण तो करणं हा गुन्हा होता. आता जंगलातली ती रचना बेवारस होती.

उपाय म्हणजे दुसरं ओढजनुक. उलटं. कंपनीच्या कात्रीला पिसाळ मानेची साधी जागा ओळखता येत असे. नलिनीताईंची कात्री ओळखणार होती ती फक्त मुद्रा. मालकी सांगण्यासाठी मुद्दाम बनवलेली, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली ती माळ. मुद्रा जिथे असेल तिथे कापायचं, आणि त्या जागी पिसं देणारी मूळ प्रत बसवायची, कंपनीच्या कात्रीला ओळखता येणार नाही इतपत अक्षरं बदलून. मुद्रा संपली की कात्रीला काम उरत नाही.

पण हे जंगलात सोडायचं तर? कंपनीनं कुणाला विचारलं नव्हतं. त्या कुसनारच्या ग्रामसभेत गेल्या.

आंब्याखाली सारं गाव जमलं होतं. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. सगळेच एकदम बोलू लागले. एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, "एकानं बिघडवलं, आता दुसरी आली सुधरवाले! आमी का तुमच्या प्रयोगाच्या कोंबड्या होय?"

"म्हणून विचारायला आलेय, बाबा. नाही म्हणालात तर परत जाईन."

जनकाबाईंनी विचारलं, "आमच्या बोडक्याइले पिसं येतील का?"

"नाही. त्यांच्यात मुद्रा नाही. कात्री त्यांना शिवणारसुद्धा नाही."

"आन् ज्या बायाइच्या घरी कंपनीच्या कोंबड्या हायेत? त्याइच्या पिल्लाइले पिसं आली, तं उन्हाळ्यात मरतीन."

यावर नलिनीताईंनी पुरेसा विचार केला नव्हता, आणि तसं त्यांनी कबूल केलं. मग त्याच बैठकीत ठरलं. आधी जनकाबाईंच्या कोंबडीची आणि आसपासच्या टोल्यांवर वाचलेल्या अस्सल बोडक्यांची पैदास वाढवायची, साध्या कोंबड्यांशी संकर करून पिल्लं घरोघर द्यायची, आणि तोवर उलट-ओढजनुकाचे पक्षी जाळीबाहेर काढायचे नाहीत.

"आन् बिघडलं तं?" जनकाबाई म्हणाल्या. "मालक कोण?"

"मी. त्यात माझी मुद्रा घालते. जबाबदारी माझ्यावर."

जनकाबाईंनी नकारार्थी मान हलवली. "तुमची उद्या बदली होईन. मुद्रा गावाची घाला. जंगल आमचं हाय. चुकलं तं आमीच भोगू, आन् आमीच तुमाले धरू."

तसंच झालं. त्या जनुकात कुसनार ग्रामसभेच्या नावाची मुद्रा गेली आणि लवादाकडे तिची रीतसर नोंद झाली. काही उन्हाळे गेले. घरोघरी झुबकेवाल्या बोडक्या कोंबड्या अंगणात फिरू लागल्या. जाळीतल्या पक्ष्यांची पिल्लं पिढ्यान्‌पिढ्या पिसाळ मानेची निघाली, तेव्हा गावानं पुन्हा सभा भरवली आणि जाळीचं दार उघडलं.

*

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी नलिनीताई कुसनारला जनकाबाईंच्या ओट्यावर बसल्या असताना मोहरीलांचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"आमच्या उबवणी केंद्रात पिसाळ मानेची पिल्लं निघताहेत! सगळी! आमची मुद्राच नाही त्यांच्यात!"

"तुमची अंडी येतात कुठून?"

"करारावरच्या फार्मांवरून. गावागावांतून. तिथले कळप मोकळेच असतात, तुला माहितेय. नलिनी, हे आमचं वाण आहे. उबवणी केंद्रातलं. त्यावरचा हक्क आम्ही सोडलेला नाही! तुझी कात्री आमच्या घरात शिरलीय!"

"कात्रीला तुमचं घर कसं कळणार, सुश्रुत? तिला फक्त मुद्रा कळते. मुद्रा तुम्हीच घातलीत."

पलीकडे मोहरील कुणाला तरी दार लावून घ्यायला सांगत होते.

"त्या पिल्लांत कुणाची मुद्रा आहे, ते तपासलंस?" नलिनीताईंनी विचारलं.

उत्तर आलं नाही. म्हणजे तपासलं होतं.

"कायदा तुमच्याच आग्रहानं झाला," त्या म्हणाल्या. "पक्षी कुठेही जन्मो, कुणाच्याही संकरातून जन्मो."

"म्हणजे आता... तुम्ही गाड्या पाठवणार? आमची केंद्रं रिकामी करणार?"

"ते मी ठरवत नाही. मालकांना विचारते."

त्यांनी फोन बाजूला धरला आणि सूप हातात घेऊन कणी पाखडत बसलेल्या जनकाबाईंना सगळं सांगितलं. नागपूरच्या कंपनीच्या केंद्रात निघणारी सारी पिल्लं आता कुसनारची होती. जनकाबाईंचा हात थांबला. चेहऱ्यावर आनंद नव्हता. मेलेल्या कोंबड्यांचा राग अजून तिथे जसाच्या तसा होता.

"गाडी आमी नाई पाठवत," त्या म्हणाल्या. "पाखरं मारतबी नाई. त्याले म्हणा, पिल्लं पाहिजेत तं इथं ये. सभेत उभा राह्य. आन् इचार."

नलिनीताईंनी फोन पुन्हा कानाला लावला.